ओळीत नसलेली चूक

शुक्रवारी दुपारी नमाजाहून घरी येताना तू राजिवड्याच्या उतारावर खाली बसलास. लोकांनी तुला रिक्षातून इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि तू गेल्याचं सांगितलं. मी वर्गात शिकवत होतो. शिपायाने दारात येऊन मला बाहेर बोलावलं. संध्याकाळी कबरीत उतरवून तुला मिट्टी दिली. मीही दिली.

मुनीर, तुझ्याविषयी लिही, असं सगळे सांगतायत. तुझा जन्म कुठला, कुठल्या बोटींवर होतास, मागे कोण कोण आहे, हे मी लिहिणार नाही. ते तुझ्या भावाला माझ्यापेक्षा बरं ठाऊक आहे. मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि खरं म्हणजे एकच गोष्ट विचारायची आहे. आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, तू फोन केला होतास. तू म्हणालास, त्या नव्या पॅचमध्ये चूक आहे. कुठली, ते सांगितलं नाहीस. रविवारी समोर बसवून सांगणार होतास.

तेव्हापासून मी ती शोधतो आहे.

आपण दोघं रविवारी काय करत बसतो, हे कोणालाच धड कळलं नव्हतं. माझ्या घरी वाटायचं, आपण बुद्धिबळ खेळतो. तुझ्या आईला वाटायचं, मी तुला इंग्रजी शिकवतो. वीस वर्षं बोटीवर इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणून जगभर फिरलेल्या तुला मी इंग्रजी शिकवणार! तू तिची समजूत कधी घातली नाहीस. उलट मी आलो की आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडायचास, "अम्मा, मास्तर आले गो, पाटी दे माझी."

आता हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं सांगायला हवं. तू चुळबूळ करशील, पण थांब जरा. संगणकात बाकी सगळ्या प्रोग्रामांना कामाला लावणारा जो मूळ प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. आपण ज्या कर्नलच्या नादी लागलो होतो, तो जगभरचे लोक मिळून लिहितात आणि सगळ्यांना वाचायला उघडा ठेवतात. कोणी त्यात बदल सुचवला की तो बदल, म्हणजे पॅच, ईमेलच्या यादीवर येतो. बाकीच्यांनी तो वाचायचा, चुका दाखवायच्या. या कामावर कोणी कोणाला नेमत नाही. ज्याला वाचता येतं त्याने वाचावं. तू बोटीवर असताना रिकाम्या वेळात वाचायला लागलास आणि घरी परतलास तेव्हा मलाही ओढलंस. मी कॉलेजात गणित शिकवणारा, पुस्तकात डोकं घालून बसणारा माणूस. तू म्हणालास, "हेही पुस्तकच आहे रे. फक्त ते चुकलं तर मशीन बंद पडतं. तुझ्या पुस्तकांनी कधी काय बंद पाडलंय?"

आपला कोपरा फार लहान होता. त्या सुमारास बाजारात आलेल्या प्रोसेसरांत एक नवी सोय होती. एका मशीनच्या पोटात दुसरं मशीन चालवायचं, आणि आतल्याला कळूही द्यायचं नाही की आपण कोणाच्या पोटात आहोत. ही सोय या प्रोसेसरात आहे का, आणि असली तर वापरता येईल का, हे कर्नलने प्रोसेसरला विचारून घ्यायचं असतं. हे विचारणारा कोड आपण तपासायचो. बाकीच्या कर्नलमध्ये आपण पाहुण्यासारखे वावरायचो.

पद्धत तुझी, बोटीवरची. मोठा जनरेटर चालू करण्याआधी तुम्ही कोरडी फेरी करायचात. एकाने क्रम मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने त्या त्या खटक्यावर नुसतं बोट ठेवायचं, दाबायचं नाही. तीच पद्धत तू तुझ्या पडवीत आणलीस. मी कर्नल झालो आणि तू प्रोसेसर. मी कोडची ओळ वाचून तुला प्रश्न विचारायचा, तू उत्तर द्यायचंस. नियम तू पहिल्याच दिवशी सांगितलास आणि कधी सैल केला नाहीस. प्रोसेसर विचारलं तेवढंच सांगतो. आपणहून काही सांगत नाही. आणि ज्याला विचारलं त्यानेच बोलायचं, दुसऱ्याच्या वतीने नाही.

"सोय आहे का?"

"आहे."

"मग वापरू?"

"त्याचं उत्तर माझ्याकडे नाय. नीट विचार."

"बायोसने कुलूप घातलंय का?"

"घातलंय."

"म्हणजे बंद."

"कोण म्हणालं बंद? सोय चालू ठेवूनही कुलूप घालतात. मेल्या, पोरांना गणित शिकवतोस ना तू? दोन प्रश्न आहेत, तर दोन विचार."

बायोस म्हणजे कर्नलच्याही आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम. तो ही सोय चालू किंवा बंद करतो आणि वर कुलूप घालतो. ते घातलं की मशीन बंद होऊन किंवा झोपून पुन्हा उठेपर्यंत कर्नललाही उघडता येत नाही. हे मला पुस्तकातून समजलं नव्हतं. तू खुर्चीत बसून, हाताची घडी घालून, "कुलूप!" असं खेकसलास तेव्हा समजलं.

पुढे तुझ्या धाकट्या भावाने सिंगापूरहून नवं मशीन आणलं. त्याच्या प्रोसेसरात दोन कोअर होते, म्हणजे एका चिपवर दोन प्रोसेसर. मग तू दुसरी खुर्ची मांडलीस. वेताची खुर्ची पहिला कोअर, निळी प्लास्टिकची दुसरा. कोडने दुसऱ्या कोअरला विचारलं की तू गुडघ्यावर हात ठेवून "या अल्ला" म्हणत उठायचास, निळ्या खुर्चीत बसायचास आणि तिथून उत्तर द्यायचास. ती खुर्ची तुझ्या वजनाने करकरायची. जागेवरूनच दोघांचं उत्तर दे, असं मी एकदा म्हणालो, तर तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

रुक्सानाभाभी चहा घेऊन यायच्या. "पंचेचाळिशी उलटली दोघांची, आणि संगीतखुर्ची खेळतायत."

"संगीत कुठाय?" तू म्हणायचास. "ह्या सदूचा आवाज ऐकलास ना?"

एकदा आपण जिंकलो होतो. एका पॅचमध्ये लिहिणाऱ्याने असं धरलं होतं की बायोसने कुलूप घातलेलं नसेल तर सोय बंदच आहे. तू खुर्चीतून अर्धा उठलास. "कुलूप नाय म्हणजे दार बंद नव्हे. कुलूप नाय म्हणजे अजून कोणी ठरवलंच नाय! जो आधी पोचेल त्याने ठरवायचं. कर्नलने स्वतः चालू करावं आणि स्वतः कुलूप घालावं." ते मी सभ्य इंग्रजीत लिहून पाठवलं. बदल झाला, खाली तुझं आणि माझं नाव आलं. तू भाभींना पडद्यावर नाव दाखवलंस. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "हे कोण कोण बघणार?" तू म्हणालास, "कोण नाय. म्हणून तर बरं."

आणि आपलं ते भांडण. ते अर्धवट राहिलं, मुनीर. आता ते कोणाशी भांडू?

तुझ्या त्या मशीनमध्ये सोय होती, पण बनवणाऱ्याने ती बंद करून कुलूप घातलं होतं आणि बायोसच्या पडद्यावर ती चालू करायची जागाच ठेवली नव्हती. का, ते त्यालाच माहीत. तरी मशीनला विचारलं की प्रोसेसरात काय काय आहे, तर त्या नावांमध्ये या सोयीचं नाव दिसायचं. माझं म्हणणं, कर्नलने ते नाव दाखवू नये. वाचणारा फसतो. जे वापरता येत नाही, ते असून नसल्यासारखंच. तुझं म्हणणं, असलेल्या गोष्टीला नाही म्हणणं हे खोटं बोलणं आहे. परवानगी नाही म्हणा. नाही म्हणू नका.

"अरे, पण फरक काय पडतो?" मी विचारायचो.

"फरक त्या प्रोसेसरला पडतो."

"त्याला काय कळतंय?"

"तुला बरं माहीत, त्याला काय कळतंय ते!"

डॉक्टरांनी तुला समुद्रावर जायला अपात्र ठरवलं, त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. छातीच्या कुठल्याशा तपासणीत रेष जशी यायला हवी तशी येत नव्हती. तुझे हात तेच होते, डोकं तेच होतं. बोटीवरची पोरं अजून फोन करून तुला विचारायची, कुठल्या पंपाची मोटर का तापते, आणि तू भाट्याच्या खाडीकडे पाहत त्यांना इथून सांगायचास. आपण कशाबद्दल भांडतोय हे तुला माहीत होतं. मलाही माहीत होतं. आपण दोघंही प्रोसेसरबद्दलच बोलत राहिलो. मी तुझी दया करून भांडण सोडलं असतं, तर तू मला पुन्हा पडवीत बसू दिलं नसतंस, याची मला खात्री आहे. म्हणून मी दर वेळी तितक्याच जोराने भांडलो.

आता मला ते भांडण हरायचं आहे. असून नसल्यासारखंच, हे वाक्य मी किती सहज म्हणायचो! आता तू नाहीस, आणि मला कोणीतरी ठणकावून सांगायला हवं आहे की नाही म्हणू नका, दुसरा काही शब्द शोधा. मला तो शब्द सापडत नाही.

गुरुवारचा फोन मी मनात इतक्या वेळा ऐकला आहे की आता त्यात माझी भर पडते की काय, अशी भीती वाटते. म्हणून लिहून ठेवतो.

"तो नवा पॅच वाचलास?"

"वाचला. बरा वाटला."

"वाटला म्हणे! चूक आहे त्यात."

"कुठल्या ओळीत?"

"ओळीत नाय."

"म्हणजे?"

"फोनवर नाय सांगत. मजा जाते. रविवारी समोर बस, मग तुझं तुलाच दिसेल. रुक्सानाने कोळणीकडे कालवं सांगून ठेवलीत. आणि तोवर यादीवर गप्प राहा. 'छान आहे' म्हणून मोकळा होऊ नकोस, तुला सवय आहे."

"बरं."

"बरं काय, बरं. ठेव."

शेवटचं बोलणं एवढंच. त्यात निरोप नाही, काही नाही. 'ठेव' हा तुझा माझ्याशी शेवटचा शब्द.

तो पॅच साठेक ओळींचा. ही सोय वापरता येईल का, हे एका जागी ठरवणारा. मशीन सुरू होताना विचारायचं, उत्तर जपून ठेवायचं, आणि पुढे कर्नलमध्ये ज्याला ज्याला हवं त्याने ते जपलेलं उत्तर बघायचं. पुन्हा पुन्हा विचारणं नको. नीटनेटका होता. तुला मिट्टी देऊन आलो, त्यानंतर यादीवर त्या भागाची जबाबदारी असलेल्या गृहस्थांचा निरोप आला की कोणाची हरकत नसेल तर हा मी घेतो. मी लिहिलं, थांबा, माझ्या सोबत तपासणाऱ्याची हरकत आहे. त्यांनी विचारलं, कोणती? मी लिहिलं, तो वारला. त्यांनी सांत्वनाच्या दोन ओळी लिहिल्या, आणि तिसरीत लिहिलं की थोडे दिवस थांबतो.

म्हणजे तुझं शेवटचं 'नाही' त्यांच्यापर्यंत पोहोचवायचं काम माझ्यावर आलं, आणि ते कशाला होतं हेच मला माहीत नव्हतं. ते जर पोहोचलं नाही, तर तुला जे दिसलं होतं ते कोणालाच कधी दिसलं नाही असं होणार होतं. तू नाहीस हे मला बदलता येत नव्हतं. हे येत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मी तो पॅच छापून घेतला. कॉलेजात मोकळ्या तासाला वाचला. भाट्याच्या पुलावर कठड्याशी उभा राहून वाचला. वाऱ्याने कागद फडफडायचा, पोरं बघायची. जेवताना शेजारी ठेवून वाचला. बायको म्हणाली, "अहो, घास तरी चावा." एकेक ओळ बरोबर होती. मग मला बरोबर ओळीही चुकीच्या वाटायला लागल्या. साध्या बेरजेवर संशय यायला लागला. एकदा वर्गात फळ्यावर समीकरण लिहिलं आणि ते खरं आहे की नाही, हे मला कळेना. मुलांनी आपापल्या वह्यांत डोकं घातलं. त्यांना कोणीतरी तुझ्याबद्दल सांगितलं असावं.

मी दोन्ही माणसं होऊन पाहिलं. घरात खुर्चीवर बसून स्वतःला प्रश्न विचारले, स्वतःच उत्तरं दिली. पण जो विचारतो त्यालाच उत्तर माहीत असलं की काही अडत नाही. सगळं सुरळीत चालतं. तेच चुकतं.

तुझ्या मशीनवर काही असेल म्हणून भाभींना विचारून पाहिलं. काही नव्हतं. तू टिपणं ठेवायचा नाहीस. बोटीवर ज्याला लक्षात राहत नाही तो लिहितो, म्हणायचास. मला तुझा राग आला. खरंच आला, मुनीर. दोन शब्द. फोनवर दोन शब्द सांगितले असतेस तर काय मजा जाणार होती? कसली मजा? मी कालवं खाऊन, तुझ्यासमोर बसून, शहाण्यासारखा 'अरे हो की' म्हणावं, एवढ्यासाठी तू ते स्वतःकडे ठेवलंस आणि घेऊन गेलास. मग रागाचीच लाज वाटायची. मग मी पुन्हा कागद घ्यायचो. 'ओळीत नाय.' ओळीत नाही तर कुठे? कोऱ्या जागेत?

कबरीवर दुआ मागून जियारत झाली होती, पाहुणे आपापल्या गावी परतले होते, तेव्हा एका रविवारी मी सवयीने तुझ्या घरी गेलो. पडवीत मशीन तसंच होतं. भाभी बाहेर आल्या, बसा म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "सदाभाऊ, ते तुम्हाला काय दाखवणार होते हो? त्या दिवशी फोन ठेवून स्वतःशीच हसत होते."

हसत होतास. हे मला ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, "तेच सापडत नाही, भाभी. दुसरं माणूस समोर नसलं की सापडत नाही."

त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग उठून त्यांनी वेताची खुर्ची ओढली. "मग वाचा. मी होते प्रोसेसर. मला काय, 'आहे' आणि 'कुलूप' एवढंच तर म्हणायचं. भिंतीपलीकडून ऐकून पाठ झालंय."

मी निळी खुर्चीही मांडली. सवयीने मांडली, विचार करून नव्हे. तिच्यावर भाभींनी कोणाचा तरी धुतलेला सदरा ठेवला होता, तो तसाच राहिला.

आणि मी वाचायला लागलो.

"सोय आहे का?"

"आहे."

"बायोसने कुलूप घातलंय का?"

"घातलंय."

"चालू ठेवून की बंद करून?"

"बंद करून," भाभी म्हणाल्या, आणि लगेच, "बरोबर ना? ते तेच सांगायचे."

"बरोबर."

मी साठही ओळी वाचल्या. उत्तर जपून ठेवलं. पुढे ज्याला ज्याला हवं त्याने जपलेलं उत्तर पाहिलं. संपलं. मी कागद खाली ठेवला आणि तरी थांबलो. कशासाठी थांबलोय ते मला आधी कळलं नाही. मला कसला तरी आवाज यायला हवा होता. 'या अल्ला' यायला हवं होतं, आणि त्यामागून खुर्चीची करकर. आपण दोन खुर्च्या मांडल्यापासून असा एकही रविवार गेला नव्हता की तुला उठावं लागलं नाही. मी निळ्या खुर्चीकडे पाहिलं. सदरा होता तिथेच होता.

भाभींनीही तिकडे पाहिलं. "मला उठायचं होतं का?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्याला कोणी विचारलंच नव्हतं, मुनीर. पहिल्या कोअरला विचारलं, त्याचं उत्तर दोघांचं म्हणून लिहून ठेवलं. लिहिलेली ओळन् ओळ बरोबर होती. जी ओळ हवी होती ती नव्हती.

मी भाभींना म्हटलं, एक गोष्ट बघू या. वीज जायची वेळ झालीच होती. भारनियमनाने तुला जी शिस्त लावली होती तीच मी केली: मशीन बंद न करता झोपवलं, म्हणजे यूपीएसवर निभतं. भाभी तोवर आत जाऊन भाकऱ्या करून आल्या. वीज आली, मशीन उठवलं, आणि मी दोन्ही कोअरांना वेगवेगळं विचारलं.

पहिला म्हणाला, बंद, कुलूप.

दुसरा म्हणाला, कुलूप नाही.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. झोपेतून उठल्यावर बायोसने पहिल्याला कुलूप घातलं होतं आणि दुसऱ्याला विसरलं होतं. मशीन तू दर रविवारी झोपवायचास, उठवायचास. वर्षभर तू ज्या सोयीसाठी त्या बनवणाऱ्याला शिव्या घातल्यास, ती तुझ्या पडवीतच, निळ्या खुर्चीच्या बाजूने, दर वेळी उघडी पडत होती. अजून कोणी ठरवलंच नव्हतं. हे दिसताच तू धावत उतार उतरून मला बोलवायला आला असतास. नाही, तू धावला नसतास. तू फोन केला असतास आणि सांगितलं नसतंस.

एखाद्या मशीनमध्ये हेच उलटं झालं, पहिला उघडा आणि दुसऱ्याला कुलूप, तर तो पॅच 'चालेल' म्हणणार, कर्नल दुसऱ्यावर विसंबणार, आणि चालू काम तिथेच कोसळणार. चूक खरी होती.

"बिघडलंय का?" भाभींनी विचारलं.

"नाही. अर्धं उघडं आहे."

"त्यांना ठाऊक होतं?"

मी पॅचचा कागद पुन्हा उचलला.

"ते म्हणाले होते ती चूक हीच ना, सदाभाऊ?"

"माहीत नाही, भाभी. असेल. ओळीत नाही म्हणाला होता, आणि ही ओळीत नाही. पण माहीत नाही."

मी तिथेच बसून यादीवर लिहायला घेतलं. दुसऱ्या कोअरलाही विचारा, उठल्यावर पुन्हा विचारा, एकाचं उत्तर दुसऱ्याला लावू नका. खाली चूक दाखवणाऱ्याचं नाव घालायचं असतं. भाभी माझ्या मागे उभ्या होत्या.

"त्यांचं घाला."

मी कळफलकावरून हात काढून घेतला.

"घाला ना. मागेही घातलं होतंत. शेवटचं आहे. कोणी बघणार नाही म्हणायचे ते, पण मी बघेन."

मला घालायचं होतं. तुला मिट्टी दिल्यापासून मला दुसरं काही नको होतं. त्या कर्नलमध्ये तुझं नाव आणखी एकदा यावं आणि सांगावं, हा इथे होता, याला दिसलं होतं. पण मला जे सापडलं तेच तुला दिसलं होतं, असं मी कोणाला विचारून लिहिणार? एकाला विचारायचं आणि दुसऱ्याच्या वतीने लिहून टाकायचं, हीच तर त्या पॅचमधली चूक होती. तुझ्या पडवीत बसून, तुझ्या खुर्चीशेजारी, मी तीच करू?

मी हे भाभींना सांगितलं. जमेल तेवढं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही दोघं सारखेच. माणूस जातो आणि तुमचे नियम राहतात." आणि त्या आत गेल्या. रडल्याचा आवाज आला नाही. भांड्यांचा आला.

मी माझं नाव घालून पाठवलं. माझ्या आयुष्यात मी इतकं बरोबर आणि इतकं वाईट काही केलेलं नाही.

त्या गृहस्थांचं उत्तर आलं. आभार मानले, पॅच पुन्हा लिहिला जातोय म्हणाले. तो लिहून झालाही. आता प्रत्येक कोअरला वेगळं विचारलं जातं. बदलाच्या खाली माझं नाव आहे, आणि ते माझ्याने वाचवत नाही.

मला तुझे आभार मानायचे होते. पुस्तकाबाहेर मला तू काढलंस, मोठ्याने वाचायला लावलंस, समोरच्याचं उत्तर येईपर्यंत थांबायला शिकवलंस. ते मी तू असताना म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तू विचारलं असतंस, "काय रे, मेडिकलला नापास झालास काय तूही?"

मी रविवारी तुझ्या घरी जातो. भाभी चहा देतात. दोन्ही खुर्च्या पडवीत आहेत. नवा पॅच कर्नलमध्ये गेला. जुन्याचा कागद माझ्याकडे आहे. त्यात आणखी एखादी चूक राहिली असेल आणि तुला दिसलेली ती असेल, म्हणून तो मी अजून वाचतो.